परवाना काढण्याचा खर्च सगळे मोजतात, टिकवण्याचा कोण मोजतो?

नांदेड आणि लातूर या आपल्या दोन्ही शहरांना धावपट्टी आहे. नांदेडची सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५८ साली बांधली, लातूरची १९९१ साली. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी २००८ साली नांदेडची धावपट्टी वाढवून २,३०० मीटर करण्यात आली. २००९ साली औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद ही पाच विमानतळे खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची जी पहिली विमाने सुटली, त्यांत हैदराबाद-नांदेड हा मार्ग होता. अधूनमधून सेवा सुरू झाल्या आणि बंदही पडल्या. एवढे सगळे होऊनही विमान आणि आपला धंदा यांचा काही संबंध आहे, असे आपल्या व्यापारी आणि कारागीर मंडळींना सहसा वाटत नाही.

तरीही दोन प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात. पहिला प्रश्न बरे चाललेल्या दुकानदाराचा असतो: मुलाला पायलट व्हायचे आहे, प्लॉट विकून पैसे उभे करावेत का? दुसरा प्रश्न गॅरेजवाल्याचा: पोराचा हात इंजिनावर चांगला बसला आहे, विमानाच्या कामात त्याला जागा आहे का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते म्हणजे शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात ते छोटे विमान. ते सांभाळायला काय लागते हे एकदा नीट पाहिले, की बाकीचा हिशोब आपोआप मांडता येतो. आमच्या वाचकांपैकी कोणी विमान विकत घ्यायला निघाले आहे असे आम्ही समजत नाही. पण मालकाच्या बाजूने पाहिल्याशिवाय कोणत्याही धंद्याचा खरा खर्च कळत नाही.

आपल्या देशात शिकण्यासाठी सर्वांत जास्त दिसणारी विमाने म्हणजे दोन आसनी सेसना १५२ आणि चार आसनी सेसना १७२. सेसना १५२ चे उत्पादन १९८५ सालीच थांबले. म्हणजे आज उडणारे यातील प्रत्येक विमान चाळीस वर्षांच्या पुढचे आहे. पुढचा कव्हर उघडला तर आपल्या देगलूर नाक्यावरचा कोणताही मेकॅनिक आतला माल ओळखेल. समोरासमोर आडवे बसवलेले चार सिलिंडर, हवेने थंड होणारे, जुन्या विमानांत साधा कार्बोरेटर, ताकद ११० ते १८० अश्वशक्तीच्या दरम्यान. वेगळे काय, तर प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना करंट देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालते. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात हे पाहतो. फेरे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उतरले, तर विमान त्या दिवशी जागचे हलत नाही.

उभे विमान जास्त खाते

आता मुद्द्याची गोष्ट. मोटार कमी चालवली तर ती जास्त टिकते, असा आपला साधा समज आहे. विमानाच्या बाबतीत हा समज पार उलटा पडतो. इंजिन चालताना तेलात थोडे पाणी आणि आम्ल जमा होते. तास-दीड तास उड्डाण झाले की तेल नीट तापते आणि पाण्याची वाफ होऊन निघून जाते. विमान आठवडेच्या आठवडे उभे राहिले तर तेच पाणी आत बसून राहते. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात, आणि बहुतेक सेसनांत हेच इंजिन असते, कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून खाली जाते, धातू उघडा पडतो आणि त्यावर गंज धरतो. पुढे इंजिन सुरू केले की हा गंज घासला जातो, कॅम झिजतो आणि त्याचा चुरा तेलातून सगळीकडे फिरतो. बाहेरून विमान नवे कोरे दिसत असते.

येथे आपल्याकडची एक सवय सांगितली पाहिजे. बंद पडून असलेली स्कूटर आपण दर जुम्याला दहा मिनिटे किक मारून चालू ठेवतो आणि समाधान मानतो. विमानाच्या इंजिनाला असे जमिनीवर चालवणे हे न चालवण्याहून वाईट. दहा मिनिटांत तेल पुरेसे तापत नाही, पाण्याची भर मात्र पडते. एक तर विमान उडवावे, नाही तर रीतसर जतन करून ठेवावे. म्हणजे जतनाचे वेगळे तेल भरावे, प्लगच्या जागी ओल शोषणारे बूच बसवावेत, तोंडे बंद करावीत. मधला मार्ग नाही. तेल बदलायचे तेही ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, यातील जे आधी येईल तेव्हा. विमान एक तासही उडाले नाही तरी तेल बदलावेच लागते.

नांदेडच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर एके काळी शहराचे घड्याळ चालत असे. मिल चालू होती तोवर जुने सांचेही काम देत होते. बंद पडल्यावर त्याच लोखंडाचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे.

व्यापाऱ्याच्या भाषेत हाच हिशोब मांडू. अशा इंजिनाची पूर्ण उघडझोड, ज्याला ओव्हरहॉल म्हणतात, ती बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेनुसार साधारण २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी करायची असते. एखाद्या प्रशिक्षण संस्थेचे विमान वर्षाला ४०० तास उडाले तर पाच वर्षांत २,००० तास भरतात आणि ओव्हरहॉलचा खर्च २,००० तासांवर वाटला जातो. तेच विमान एखाद्या हौशी मालकाने वर्षाला ५० तास उडवले तर बारा वर्षांत भरतात अवघे ६०० तास. खर्च तोच, पण प्रत्येक तासावर पडणारा बोजा सव्वातीन पटींहून अधिक. हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी, हे सगळे याच पद्धतीने चढत जाते. धावपट्टी असो, विमान असो की परवाना, तिन्ही जिनसा वापराविना महागच होतात. आमच्या मते मराठवाड्यातील धावपट्ट्यांची खरी अडचण हीच राहिली आहे.

मराठवाड्याच्या हवेचे स्वतःचे काही त्रास आहेत. उन्हाळ्यात रबरी नळ्या, टायर आणि पुढची पारदर्शक काच लवकर खराब होते. धुळीने एअर फिल्टर तुंबतो. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री पाणी सुटते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाला बसते. म्हणून टाकी भरून ठेवायची आणि रोज सकाळी तळाचा चाप दाबून काचेच्या नळीत थोडे इंधन काढून पाहायचे. पाण्याचा थेंब दिसला तर स्वच्छ इंधन येईपर्यंत काढत राहायचे. पंखाखाली वेग मोजण्यासाठी एक बारीक नळी असते, पिटो नावाची. आपल्या घराच्या भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी या नळीत हमखास घर करते, आणि मग वैमानिकाला आपला वेग कळत नाही. त्या नळीवर एक साधी कापडी टोपी घालून ठेवायची, एवढाच उपाय. साळुंक्या इंजिनाच्या कव्हरात काड्या आणून भरतात, उंदीर वायरी कुरतडतात. मोठे अपघात अशा चार आण्यांच्या गोष्टींतून होतात.

इंधनाचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. या इंजिनांना पेट्रोल पंपावरचे पेट्रोल चालत नाही. त्यातील इथेनॉल पाणी ओढते आणि रबर खराब करते. लागते ते ॲव्हगॅस, रंगाने निळसर. रंग मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे जेट विमानाचे रॉकेलसारखे इंधन चुकून भरले तर डोळ्यांना कळावे. हे ॲव्हगॅस आपला देश अनेक वर्षे पिंपांतून परदेशातून आणत होता. इंडियन ऑइलने बडोद्याच्या कारखान्यात ते तयार केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. जानेवारी २०२३ मध्ये ८० पिंपे पापुआ न्यू गिनीला निर्यातही झाली. दुसरीकडे अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने जी प्रशिक्षण संस्था जाहीर केली, तिच्यासाठी मागवलेली विमाने जेट इंधनावर चालणारी डिझेल पद्धतीची आहेत. म्हणजे इंजिनाची ही विद्याही बदलत आहे. शिकणाऱ्या पोरांनी जुन्यावरच थांबू नये.

कागद हाच अर्धा माल

आपला कारागीर येथे अडखळतो. त्याचा हात उत्तम असतो, कागदाचा मात्र त्याला कंटाळा. गॅरेजात काम झाले की गाडी चालते हाच पुरावा. विमानात काम झाले हे महत्त्वाचे, पण ते कोणी केले, कोणता भाग टाकला, त्या भागासोबत कोणता दाखला आला, बोल्ट किती ताकदीने आवळला आणि सही कोणाची, हे लिहिल्याशिवाय काम झालेच नाही असे धरले जाते. पाना अंदाजाने मारायचा नाही. मोजपट्टी असलेला टॉर्क पाना वापरायचा, आणि त्या पान्याचीही मुदतीने तपासणी करून घ्यायची. नट सैल होऊ नये म्हणून त्याला तार ओवतात. ती तारही नट आवळण्याच्या दिशेने ओढ देईल अशीच गुंफायची. काम संपले की प्रत्येक हत्यार आपल्या जागी परत आले का हे मोजायचे. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही. ‘जुगाड’ हा शब्द आपल्याकडे कौतुकाने घेतला जातो. या धंद्यात तो गुन्हा आहे.

विमानाला दरवर्षी उड्डाणयोग्यतेचा आढावा घेऊन नवा दाखला मिळवावा लागतो. सही करण्याचा अधिकार परवानाधारक देखभाल अभियंत्यालाच असतो. कागदाला किती वेळ लागतो याचे उदाहरण आपल्या मराठी माणसाचेच आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि चाचणी उड्डाणाची परवानगी हाती पडायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. विमान बांधणाऱ्या माणसाने साडेतीन वर्षे कागदावर काढली. सरकारी दिरंगाई म्हणून यावर टीका झाली, ती काही अंशी खरीही असेल. पण डोक्यावरून उडणाऱ्या वस्तूचा कागद सैल असावा असे आम्ही तरी म्हणणार नाही.

हातही गंजतो

आता पायलट होऊ पाहणाऱ्या मुलाकडे वळू. खासगी परवान्यासाठी किमान वय १७, उड्डाणाचे किमान ४० तास. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित. एवढी माहिती प्रत्येक एजंट देतो. तो जे सांगत नाही ते असे की परवाना वैध असणे वेगळे आणि वैमानिक चालू हाताचा असणे वेगळे. कागदावर परवान्याची मुदत वर्षांची असते, पण मागच्या ९० दिवसांत तीन वेळा उडणे आणि तीन वेळा उतरणे झालेले नसेल तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी किमान वर्षातून एकदा होते आणि तीत नापास झाला तर परवाना खिशातच राहतो. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा, इंग्रजीची परीक्षा वेगळी, दोन इंजिनांच्या विमानाची पात्रता वेगळी. प्रत्येकाला पैसे आणि प्रत्येकाला मुदत.

हे नियम उगाच नाहीत. विमान सरळ उडवण्याची सवय माणूस लवकर विसरत नाही. विसरतो तो अडचणीतला क्रम. इंजिन बंद पडले तर सेसना १७२ हजार फूट उंचीवरून सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. म्हणजे दोन हजार फुटांवर असताना साडेपाच किलोमीटरच्या आत शेत निवडायचे, वाऱ्याची दिशा ओळखायची, इंधनाचा कॉक आणि मॅग्नेटो तपासायचे आणि रेडिओवर सांगायचे. हे सगळे तीन मिनिटांच्या आत. वर्षभर सराव नसलेला माणूस यातील दोन गोष्टी तरी विसरतो. म्हणून चांगले वैमानिक परीक्षा नसतानाही प्रशिक्षकाला शेजारी बसवून इंजिन बंद पडल्याचा सराव करतात. घरच्या संगणकावरील सिम्युलेटरने क्रम पाठ होतो. चाके जमिनीला टेकतानाचा हात मात्र त्यावर येत नाही.

लातूरच्या उन्हाळ्याचेच पाहा. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तेथील हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांहून वर उभे आहोत असे वाटते. इंजिनाची ताकद उतरते, धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. हा हिशोब वैमानिकाने दर उन्हाळ्यात नव्याने करायचा असतो. जानेवारीत चार जणांना घेऊन सहज उडालेले विमान मे महिन्यात त्याच चार जणांना घेऊन कुंपण ओलांडेलच असे नाही.

जवळच्या बारामतीने याचे धडे दिले आहेत. २५ जुलै २०२२ रोजी तेथून एकटीने निघालेल्या २२ वर्षांच्या शिकाऊ मुलीचे सेसना इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. सुदैवाने ती वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत बारामती परिसरात एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने पडली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे सर्व तळांवरील उड्डाण थांबवले. अशा वेळी फी भरलेल्या मुलांचे तास थांबतात, हात सुटतो आणि वसतिगृहाचा खर्च मात्र चालूच राहतो. ही जोखीम कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे उदाहरण आमच्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. वडील बेकरीत कामाला. ‘सियासत’ दैनिकाचे संपादक झाहिद अली खान यांनी फीची व्यवस्था केली आणि मुलीने आंध्र प्रदेश एव्हिएशन अकादमीतून व्यावसायिक परवाना मिळवला. त्यांच्या कौतुकाचे लेख सर्वांनी वाचले. त्या लेखांत जी गोष्ट दोन ओळींत उरकली जाते ती अशी की परवाना मिळाल्यावरही त्या एकदम नोकरीला लागल्या नाहीत. दोन इंजिनांच्या विमानाची पात्रता आणि पुढचे प्रशिक्षण यासाठी पुन्हा लाखो रुपये लागले, आणि ते तेलंगण सरकारने दिले तेव्हा गाडी पुढे गेली. पहिला डोंगर चढायला समाज मदत करतो. मधल्या सपाटीवर माणूस एकटा पडतो. म्हणून प्लॉट विकणाऱ्या बापाला आमचे सांगणे असे की २०० तासांचा खर्च धरा, आणि त्यानंतर नोकरी लागेपर्यंत निदान दोन वर्षे परवाना व हात चालू ठेवण्याचा खर्च वेगळा काढून ठेवा. तेवढा निघत नसेल तर आजच थांबलेले बरे. मुलाला वाईट वाटेल, पण घर बुडणार नाही.

गॅरेजवाल्याच्या पोरासाठी मात्र आम्ही अधिक आशेने बोलू. देखभाल अभियंत्याचा मार्ग पायलटच्या मानाने पुष्कळ स्वस्त. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवे, त्यानंतर महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतील अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी बी-१.२ हा गट आहे. पण एकट्या त्याच गटावर अवलंबून राहू नये; जास्त नोकऱ्या मोठ्या जेट विमानांच्या, म्हणजे बी-१.१ गटाच्या आहेत. बारावीपर्यंत न पोहोचलेल्यांसाठी नागपूरच्या आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा अभ्यासक्रम आहे. तेथून विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत जाता येते. पोराला पाना धरणे तुम्ही शिकवलेच आहे. आता त्याला रोजच्या कामाची वही लिहायला लावा: कोणती गाडी, काय केले, कोणता भाग, किती वेळ. इंग्रजीत लिहू द्या, चुका होऊ द्या. विमानाच्या पुस्तिका सगळ्या इंग्रजीतच असतात.

शेवटी संस्था निवडण्याविषयी. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया येथे उड्डाण शिकवले जाते. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने नव्या संस्थांसाठी जी पाच विमानतळे निवडली त्यांत जळगाव, बेळगाव आणि कलबुर्गी आहेत. लातूरकरांना कलबुर्गी जवळ पडते. फी भरण्यापूर्वी संस्थेचे नाव महासंचालनालयाच्या मान्य यादीत स्वतः पाहावे, एजंटच्या मोबाइलवर नव्हे. मग तेथे प्रत्यक्ष जाऊन चार गोष्टी विचाराव्यात: आज किती विमाने उडण्याच्या स्थितीत आहेत आणि किती उभी आहेत, परवानाधारक अभियंते किती आणि त्यांतले पगारावर किती, मागच्या तुकडीच्या मुलांना २०० तास पुरे करायला किती महिने लागले, आणि संस्था बंद पडली तर उरलेल्या तासांचे पैसे परत मिळण्याची अट करारात कोठे लिहिली आहे. हँगरमध्ये टायर बसलेली, धुळीने माखलेली विमाने रांगेने उभी दिसली, तर पुढचे विचारायची गरज राहत नाही.